नऊ नंबरची इस्त्री

ताईनं चार नंबरची जर्सी कॉलरला धरून झटकली, तशा वाळलेल्या चिखलाच्या खपल्या फरशीवर पडल्या. पुढच्या बाजूला, गळ्यापासून खालच्या काठापर्यंत, एक पांढरा पट्टा उमटला होता. मैदान आखायला वापरतात ती फक्की. तिनं जर्सी उलटी केली. पाठीवर, आकड्याच्या खाली बरगडीशी, चेंडूचा गोल शिक्का होता, चेंडूची शिवणसुद्धा दिसावी इतका स्पष्ट.

“हं,” ती स्वतःशीच म्हणाली आणि जर्सी बाजूला काढून ठेवली.

टीमचे कपडे अकरा वर्षं तिच्याच लाँड्रीत येत होते. दर सोमवारी सकाळी ती गाठोडं सोडायची आणि तीन टब भरायची. एक चिखलाचा, एक गवताच्या डागांचा आणि एक नुसत्या घामाचा. मॅच बघायला ती कधी जायची नाही. एकदाच गेली होती, तेव्हा कुणीतरी तिच्या भावाच्या नडगीवर लाथ मारली आणि ही बाई चप्पल हातात घेऊन मैदानात उतरायला निघाली होती. चौघांनी धरली म्हणून बरं. तेव्हापासून तिची मॅच सोमवारी. कोण पडलं, कोण पळालं, कोण कुणाशी भिडलं, सगळं तिला कपडे सांगायचे, आणि कपड्यांना तिखटमीठ लावून सांगायची सवय नसते.

मग तिच्या हाती नऊ नंबरची चड्डी आली. भावाची.

क्लबच्या चड्ड्या अजून जुन्या जाड सुती कापडाच्या होत्या आणि ताई त्यांना समोरून कडक घडी पाडून इस्त्री करायची. लोक हसायचे. फुटबॉलच्या चड्डीला इस्त्री म्हणजे म्हशीला पावडर, असं बेकरीवाला म्हणायचा. हरायचं तर हरा, पण गबाळ्यासारखे हरू नका, हे तिचं उत्तर ठरलेलं. तसं बघितलं तर ती घडी टिकायची पाच मिनिटं. धावाधाव सुरू झाली, घाम फुटला की मोडायचीच.

नऊ नंबरची घडी मोडलेली नव्हती. तिनं अंगठा फिरवून बघितला. एवढी नव्वद मिनिटं, एवढा चिखल, आणि तिची मंगळवारची इस्त्री जशीच्या तशी.

काल संध्याकाळी हाच भाऊ लंगडत घरी आला होता. “ताई, जीव गेला गं आज,” म्हणत पलंगावर आडवा झाला होता. तिनं पाणी तापवून त्याचा पाय शेकला होता, मलम चोळलं होतं. तो सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून त्याचे पाय तीच चोळत आली होती. आणि हा काही पहिला सोमवार नव्हता, चौथा होता. आधीचे तीन सोमवार तिनं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? तिनं ती चड्डी चादरींच्या गठ्ठ्याखाली सारली.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आले आणि त्यांच्यामागून तिघं आत आले. पुढे बेकरीवाला, त्याच्यामागे चष्म्याच्या दुकानाचा मालक, आणि सगळ्यात शेवटी, वही काखेत मारून, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. तिघंही टीमचे जुने भक्त. टीम जिंकली तर भांडायचे, हरली तर जास्त भांडायचे.

“जिंकलो ते जिंकलो,” बेकरीवाला म्हणत होता. “एक-शून्य म्हणजे काय हरणं असतं?”

“ह्याला जिंकणं म्हणतात?” चष्मेवाला म्हणाला. “समोर तळातली टीम. आणि आपण तिच्यासमोर असे खेळतोय, की मला वाटलं मीच चुकीच्या नंबरचा चष्मा लावून आलोय.”

“सलग पाच पास एकदाही झाले नाहीत,” मास्तरांनी वही उघडली. “मी मोजलेत.”

“मास्तर, शाळा सुटून नऊ वर्षं झाली. आता तरी मार्क देणं सोडा,” बेकरीवाला म्हणाला.

“नापासांना सोडून कसं चालेल?”

“मैदानच तसलं आहे,” बेकरीवाला म्हणाला. “त्या बाजूला पाणी मुरतच नाही.”

“आलं का अंगण वाकडं,” चष्मेवाला म्हणाला. “समोरचे काय हवेत खेळत होते? चार मॅचमध्ये तीन हार आणि आता ही भीक मिळाल्यासारखी जीत. दुखणं काय आहे ते आपल्याला माहीत आहे. सांगा, मास्तर.”

मास्तरांनी वहीतून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. कमिटीला लिहिलेलं पत्र होतं. चार नंबर छत्तीस वर्षांचा झाला, पायात दम उरला नाही, त्याला बसवावं. त्याचा कॅप्टनचा पट्टा नऊ नंबरला द्यावा. खाली बत्तीस सह्या होत्या.

“संध्याकाळी कमिटी बसतेय,” बेकरीवाला म्हणाला. “ताई, तुमची सही सगळ्यात वर. अकरा वर्षं टीमचे कपडे धुताय, तुम्ही म्हणालात तर त्यांना नाही म्हणायला तोंड नाही.”

“आणि तुमच्या घरातच कॅप्टन येतोय,” चष्मेवाल्यानं पेन पुढे केलं.

कॅप्टन. हा शब्द तिला गोड लागला, खोटं कशाला बोला. सात वर्षांचं पोर चिंध्यांचा चेंडू घेऊन ह्याच दुकानात गठ्ठ्यांवर गोल मारायचं. ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं. तिनं पेन घेतलं.

“बरं झालं सुटलो काल,” चष्मेवाला इतरांना म्हणाला. “शेवटच्या मिनिटाला बघितलंत ना? गोलसमोर दहा माणसांची झुंबड, चेंडू आत चाललाय, आणि हा म्हातारा खाली लोळतोय. उठवेना त्याला. चेंडू पोस्टला लागला म्हणून वाचलो.”

“पोस्टला कुठं? कीपरच्या पायाला लागला,” बेकरीवाला म्हणाला.

“पोस्टला.”

“अहो, कीपर दुसऱ्या टोकाला होता,” मास्तर म्हणाले. “पण पोस्टचा आवाजही आला नाही. मी वहीत प्रश्नचिन्ह टाकलंय.”

ताईनं पेन खाली ठेवलं.

“कुठं लोळत होता म्हणालात?”

“गोलसमोर. चिखलात.”

तिनं चार नंबरची जर्सी उचलून पत्रावरच पसरली. तिघं वाकले. मग मास्तरांनी त्या पांढऱ्या पट्ट्यावरून बोट नेलं आणि बोटाला लागलेली फक्की निरखून बघितली.

“रेषेवर पालथा पडला होता हा,” ते हळूच म्हणाले. “लांबच्या लांब.”

“फक्की काय, साइडलाइनलाही असते,” चष्मेवाला म्हणाला.

“त्या रेषा पहिल्या हाफमध्येच पुसल्या होत्या. नंतर मैदानाच्या माळ्यानं फक्त गोललाइनवर फक्की टाकली. मी तिथंच उभा होतो.”

ताईनं जर्सी उलटी केली. चेंडूचा शिक्का बघून बेकरीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” ती म्हणाली. “हा तुमचा पोस्ट.”

चष्मेवाला हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. “बरं, म्हातारा आडवा पडला, कबूल. पण एका उडीवर टीम चालत नाही. पळायला तरुण पाय लागतात. कपडेच बोलत असतील तर सगळ्यांचे बोलू देत की. काढा नऊ नंबरचे. बघू द्या आमच्या कॅप्टनचा चिखल.”

‘टबात टाकले,’ एवढं म्हटलं की झालं असतं. दोन शब्द. मागे तीन टब भरलेले होते, आणि ह्या तिघांपैकी कुणी हात घालून शोधणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती, संध्याकाळी भाऊ दंडाला पट्टा बांधून घरी आला असता, आणि तिनंच त्याची दृष्ट काढली असती. समोर जर्सीवरचा पांढरा पट्टा तसाच होता. ती घालणाऱ्या माणसाला एक बहीण असेल की नाही, कुणास ठाऊक.

तिनं चादरींचा गठ्ठा उचलला आणि नऊ नंबरची चड्डी काढून जर्सीशेजारी ठेवली.

मास्तरांनी कडक घडीवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.

“गोल त्यानंच मारला,” बेकरीवाला म्हणाला.

“पेनल्टी होती,” मास्तर म्हणाले. “फाउल चार नंबरवर झाला होता.”

“हाफटाइमला बदलली असेल चड्डी,” चष्मेवाला म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता जीव नव्हता.

“क्लबकडं दुसरा सेट कधी होता?” ताई म्हणाली. “आणि ही घडी माझ्या हातची आहे. माझी इस्त्री मी ओळखते.”

तिनं जर्सीखालचं पत्र ओढून मास्तरांच्या हातात दिलं. “सही हवी असेल तर नवीन लिहून आणा. ह्यावर मी करणार नाही.”

“अहो, पण बत्तीस सह्या झाल्यात.”

“मग बत्तीस जणांना इथं घेऊन या. ह्या जर्सीला मी आज दुपारपर्यंत पाणी लावत नाही. यावं आणि बघून जावं.”

मास्तरांनी पत्राची घडी केली आणि वहीत खोल सारली. वही काखेत मारतात तोच दारात सावली पडली. भाऊ आला होता. उजवा पाय ओढत, एका हातानं चौकट धरत आणि दुसऱ्या हातात मलमाची ट्यूब घेऊन.

“काय मंडळी,” तो हसून म्हणाला. “जिंकवलं की नाही?”

एरवी बेकरीवाला पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारायचा. आज तो टबांकडे बघत राहिला. भावानं तिघांकडे बघितलं, मग काउंटरकडे.

“ताई, हे इथं काय करतंय?”

“तुझी चड्डी आहे.”

“धुतलीस?”

“नाही.” तिनं चड्डी उचलली, घडीवर घडी जुळवली आणि त्याच्या हातात ठेवली. “धुवायचं काय त्यात? पुढच्या रविवारी अशीच घाल.”

त्याचा चेहरा उतरला आणि मग तापला. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायचा तसाच. “ह्यांच्यासमोर दाखवलीस?”

“ह्यांच्यासमोर. तीन सोमवार घरात गप्प बसले, त्याचा काय उपयोग झाला?”

“तूसुद्धा त्या म्हाताऱ्याच्या बाजूची झालीस?”

“मी टीमच्या बाजूची आहे,” ती म्हणाली. तिनं हात जवळच्या टबात कोपरापर्यंत बुडवले. “आधीपासून.”

त्यानं ट्यूब काउंटरवर आपटली, चड्डी काखेत खुपसली आणि वळला. लाँड्रीच्या तीन पायऱ्या त्यानं एका ढांगेत ओलांडल्या. समोरून येणारी सायकल चुकवली आणि पळतच रस्ता पार केला. चौघंही बघत होते.

“त्याचा पाय...” बेकरीवाला म्हणाला आणि मध्येच थांबला.

“हो,” ताई म्हणाली. “बरा झाला.”

तिनं हात पुसले, ट्यूबला झाकण लावलं आणि ती खणात ठेवून दिली.