झाकण उघडू नका म्हटलं ना!

मी एक जुनं झाकण आहे आणि मला वैताग आलाय. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

एका लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं. माझं मूळचं पातेलं गळायला लागलं म्हणून भंगारात गेलं आणि माझी गाठ दुसऱ्याच पातेल्याशी बांधली गेली. ते माझ्याहून बोटभर लहान. तरी आमचा संसार बरा चालला, कारण घरातल्या थोरल्या सुनेचा नियम कडक होता. धूर कोंडला की झाकणाला कुणी हात लावायचा नाही.

पातेल्याच्या तळाशी लाकडाचा कीस पसरायचा, वर जाळी, जाळीवर अर्धे चिरलेले टोमॅटो, गाजरं, कांदे, लाल भोपळा. कीस धुमसू लागला की मी वर बसायचं आणि कडेनं ओलं फडकं गुंडाळायचं. धूर मुरलेल्या भाज्या मग शिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून त्यात साय घालायची. थोरली असं दाट, मऊ सूप करायची तेव्हा शेजारी काहीतरी निमित्त काढून यायचे. वाहवा मात्र सगळी सायीची. मला कोण विचारतो?

मग थोरलीला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. "ओला कागद चावल्यासारखं लागतं गं," म्हणून ती ताट सरकवायची. तिचे कपडे तिलाच ढगळ व्हायला लागले. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण यांच्या पोटात अन्न जाऊ दे. इकडे मी फळीवर गंजत पडलो.

शेवटी धाकट्या जावेनं मला खाली काढलं आणि घासलं. "धुराचा वास तरी पोचेल जाऊबाईंना," असं पुटपुटत तिनं कीस पेटवला. मला बरं वाटलं. पण कसलं काय!

आधी सासरे आले. "धुरतंय का बघू," म्हणून मला उचललं. मग थोरलीचा नवरा, सुतार. कीस त्यानंच दिलेला, म्हणून हक्कानं डोकावला.

"भाऊजी, ठेवा ते खाली! धूर जातोय सगळा," धाकटी ओरडली.

"अगं, नुसतं बघितलं."

मग ती स्वतःच बघायला लागली. एकदा नाही, चारदा! माणसं म्हणे शिजेपर्यंत दम धरतात, निवेपर्यंत धरत नाहीत. आमच्याकडे शिजेपर्यंतसुद्धा नाही. भाज्यांत मुरायचा धूर घरभर फिरत होता आणि आजारी बाईला मिळणार होतं पांचट सूप. मी नुसता चरफडत होतो.

धाकटीनं मला पुन्हा उचललं, तोच आतल्या खोलीतून आवाज आला.

"कोण सारखं झाकण उघडतंय? आणि कीस ओला घेतलात का? कडवट वास येतोय!"

धाकटी मला हातात धरून तशीच उभी राहिली. सुतार खोलीच्या दारापर्यंत गेला आणि भीतभीत म्हणाला, "काय येतोय म्हणालीस?"

"वास!" थोरली खेकसली. आणि मग तिनं पुन्हा एकदा नाक ओढून हुंगलं.

सूप खरंच बिघडलं होतं, फिकं आणि कडसर. थोरलीनं नावं ठेवत ठेवत वाटी संपवली आणि दुसरी मागितली. इतक्या आनंदानं बोलणी खाणारी जाऊ मी दुसरी पाहिली नाही.

मित्रांनो, झाकणं घासून, कोरडी करून ठेवा. त्यांना गंजू देऊ नका. आणि आत धूर कोंडलेला असताना हात आवरा. त्या दिवशी कुणीच हात आवरला नाही म्हणून थोरली जेवली, हे मला कबूल करावं लागतं. सगळ्यात जास्त वैताग त्याचाच येतो.