ओवाळणीतले पीच

भावानं ओवाळणीत घातलेलं परत करायचं नसतं, हे शरणम्माला कोणी शिकवायला नको होतं. म्हणून त्या भाऊबीजेला बसवराजनं ताटाशेजारी पीचची रोपं आणून ठेवली तेव्हा तिनं ती निमूट ठेवून घेतली. आता मला सांगा, निलंग्याच्या उन्हात पीच! पण बोलणारा सख्खा भाऊ, त्यात लातुरात राहून शहाणा झालेला.

"अक्का, जगात सगळ्यात जास्त पीच चीन पिकवतो. दरसाल बागा वाढवतच चाललाय. पीच, त्याचा बिनलवेचा भाऊ नेक्टरीन, दोन्ही. आपल्याकडं पहिली बाग तुझी!"

"लावू कुठं पण?"

"विहिरीजवळ. आंबे काढून टाक. पीचला सावली चालत न्हाई."

शरणम्मानं विहिरीकडं बघितलं. भूकंपात घर गेलं, घरधनी गेला. त्याच्या हातचे आंबे तेवढे उभे राहिले. पत्र्याचं शेड मिळेस्तोवर लेकरं घेऊन ती त्यांच्याच खाली राहिली होती. पण ओवाळणी ती ओवाळणी, बांधाला लावून तिची हेळसांड कशी करायची? आंबे तुटले. लाकूड बसवराजनंच ट्रकात घालून नेलं, "तुझ्या रानात अडगळ कशाला" म्हणत. केवढी ती माया, बघा!

पीच वाढले. पानं लई, फूल मात्र एक न्हाई. शरणम्मानं शेणखत घातलं, हिवाळ्यामागून हिवाळे वाट पाहिली. शेजारणी झाडांना वांझ म्हणाल्या तर ती त्यांच्याशीच भांडली. शेवटी कोणतं औषध मारायचं ते विचारायला एसटीनं लातूरला गेली.

बसवराजनं तिथं क्लासच्या पोरांसाठी होस्टेल काढलं होतं. तो बाहेर गेलेला. भावजय उज्वलानं चहा दिला आणि गाऱ्हाणं ऐकून हसलीच.

"अवो अक्का, ते थंड मुलखाचं झाड! भरपूर थंडी खाल्ल्याबिगर फुलत न्हाई. रोपवाल्यानं यांना तवाच सांगितलं होतं."

"मग आणली कशाला?"

"पोरांच्या कॉटला लाकूड पाहिजे होतं न्हवं? हे म्हणाले, अक्का आंबे द्यायची न्हाई, पण ओवाळणीला न्हाई म्हणायची न्हाई." मग तिचं हसू मावळलं. "तुमाला ठाव न्हवतं?"

केसानं गळा कापला, दुसरं काय! शरणम्मा उठून शेजारच्या खोलीत गेली. ओळीनं कॉट मांडलेल्या, वर पोरांच्या गाद्या. तिथंच बसवराज आला.

"अक्का! कवा आलीस? बस की."

"बसवराज, आंबे मागितले का न्हाईस?"

त्यानं मागोमाग आलेल्या उज्वलाकडं बघितलं. मग म्हणाला, "मागितले असते तर दिले असतेस का?"

"न्हाई. न्हाई दिले असते. तुझ्याशी भांडले असते, वरीसभर तोंड बघितलं नसतं तुझं." तिचा आवाज फाटला. "पण मला भाऊ राहिला असता रे!"

तिनं पिशवी उचलली. "अक्का, अक्का" करत तो जिन्यापर्यंत मागं आला. तिनं वळून बघितलं नाही.