‘भूक’ नावाचा फोटो

“भूक? कुणाची भूक म्हनं?” तारामतीनं नातीला विचारलं.

आरतीला मान वर करवेना. नांदेडच्या फोटो-प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दाराएवढा काळा-पांढरा फोटो लावला होता आणि त्यातला चेहरा तिच्या आजीचा होता. सुरकुती न् सुरकुती उठून आलेली, ओठ सुकलेले, डोळे खोल. खाली नाव ‘भूक’, वर पहिल्या बक्षिसाची फीत.

फोटो रविकांत नावाच्या फोटोग्राफरनं श्रावणात काढला होता, लोह्याजवळ त्यांच्याच घरी. तारामतीचा सोमवार होता, पोटात पाण्याचा थेंब नाही. तरी चुलीपुढं बसून तिनं त्याला गरम भाकरी, पिठलं, वर लोण्याचा गोळा असं आग्रह करकरून वाढलं. आणि या पठ्ठ्यानं हात पुसले, कॅमेरा उचलला आणि वाढणाऱ्या बाईलाच उपाशी ठरवलं!

रविकांत लगबगीनं येऊन पाया पडला. “आजी, तुमच्या चेहऱ्यानं माझं नाव झालं.”

“अन् माझं? माझा उपास व्हता, तुला ठाव व्हतं. तूच इचारलंस, आजी तुमी न्हाई जेवत का म्हनून. आता गावात लोक म्हनतील, तारामतीला लेक-सून खायाला घालीनात. माझ्या सुनंनं, उज्ज्वलानं तोंड कुठं लपवावं?”

“आजी, ते तुमच्याबद्दल नाही हो. तो फोटोचा भाव आहे.”

“तोंड माझंच हाय ना? मंग काढ ते नाव.”

“बक्षीस त्याच नावानं मिळालंय. आता नाही बदलता येत.”

तारामतीचं डोकं सणकलं. पण ती ओरडली नाही. तिनं एक खुर्ची ओढली, बरोबर फोटोच्या पुढ्यात ठेवली आणि पदर सावरून लोकांकडं तोंड करून बसली. खालची नावाची चिठ्ठी तिच्या पाठीआड गेली. जो येई त्याला ती सांगे, “मी तारामती. ह्यो फोटो माझ्या उपासाचा हाय. सून दोन टाइम गरम वाढती मला.”

संयोजकांनी विनवलं, रविकांतनं हात जोडले. ती हलली नाही.

दुपारी आरतीनं घरून आणलेला डबा उघडून तिच्यापुढं धरला. तारामतीनं भाकरीवर भाजी घातली आणि रविकांतकडं बोट केलं.

“आधी त्याला दी. सकाळपून उभा हाय.”