अनुआत्याचा उघडा गेम

गेममधला म्हातारा सहा वर्षांपासून त्याच टेबलाशी बसला होता. डोंगरावरचं ते जुनं हॉटेल, खिडकीबाहेरचं धुकं, बेपत्ता झालेला घड्याळजी, सगळं जिथल्या तिथे. गेमला पडदे दोन: वरच्या पडद्यावर शाई लावून तयार ठेवलेला शिक्का, खालच्या पडद्यावर कोरा कागद, आणि म्हाताऱ्याचं एकच पालुपद: "दोघांची भेट घालून द्या." कागदावर शिक्का उमटला की तळघराचं दार उघडणार होतं. पण पडद्यावर टेकवून खेळायची गेमची काडी चालायची ती फक्त खालच्या पडद्यावर. वरच्या शिक्क्याला हात लावायची सोयच नव्हती!

निशिगंधाने यंदा दिवाळीच्या सुट्टीत तो गेम कपाटातून पुन्हा काढला, कारण यंदा ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. हजेरी देताना जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही, त्याच पोरीने ऑगस्टात खामगावच्या विज्ञान प्रदर्शनात तीनशे लोकांसमोर माईक धरून ठिबकचं मॉडेल समजावलं होतं. एका परीक्षकांनी मधेच टोकलं, तर "सर, आधी माझं पूर्ण होऊ द्या" असंही म्हणून मोकळी झाली होती. गावात, पिंपळगाव राजात, ही बातमी तिच्याआधी येऊन पोचली. आता म्हाताऱ्याची काय बिशाद?

गेम मुळात अनुआत्याचा. अनुपमा म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बी.एस्सी.ला असताना तिला मैत्रिणीकडून हा पुस्तकासारखा उघडणारा, दोन पडद्यांचा गेम मिळाला होता. खोटं बोलणारे नोकर, कुलुपाचे आकडे, नदी पार करायच्या होड्या, सगळी कोडी आत्या एका हाताने भाजी परतता परतता सोडवायची आणि नऊ वर्षांची निशिगंधा तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघायची. म्हातारा भेटला आणि नेमकी लग्नाची घाई सुरू झाली. सोनाळ्याला सासरी निघताना आत्याने गेम तिच्या हातात दिला.

"सांभाळजो. दिवाळीले येते, मंग दोघी मिळून संपवू. अन् मोबाईलवर उत्तर पाह्यजो नको. तुले माही शप्पथ हाय."

आत्या आली. पहिल्या दिवाळीला आली, दुसरीला आली, तिसरीला आली. गेममध्ये एक मेणबत्ती फुंकर मारून विझवावी लागली होती, म्हणून म्हाताऱ्याला फुंकर मारून झाली. हॉटेलातल्या सगळ्या माणसांच्या एकमेकांशी भेटी घालून झाल्या, मालकाची आणि स्वयंपाकिणीची तर चांगली चारदा. तिसऱ्या वर्षी आत्याने काडी जागेवर खोचली आणि हसत हसत म्हणाली, "नाही होत बाप्पा माह्याच्यानं. डोक्यात आता निरा भाजीपालाच उरला."

सगळे हसले. निशिगंधाही हसली. पण त्यानंतर आत्याने पेपरातलं शब्दकोडंसुद्धा कधी हातात धरलं नाही. कुणी पुढे केलं तर म्हणायची, "पोराईले द्या, मले काय समजते त्यातलं."

धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी आई पुऱ्या लाटत होती आणि निशिगंधा साच्यात करंज्या करत होती. साचा प्लास्टिकचा, दोन पानांचा, मधे बिजागरी. उघडायचा, पुरी पसरायची, सारण भरायचं, वरचं पान खालच्यावर मिटवायचं आणि दाबायचं. खट्! कडेला नक्षी उमटते.

विसाव्या की एकविसाव्या करंजीला तिचे हात थांबले. वरचं पान. खालचं पान. मधे बिजागरी. मिटवलं की वरचं खाली उमटतं.

दोघांची भेट!

"आई! मिटवाचा हाय थो! मिटवाचा!"

"काय मिटवतं वं? आधी त्या कडा दाब नीट. तेलात फुटली एखादी, त मी तुलेच मिटवते मंग."

निशिगंधा पिठाच्या हातांनी उठून नाचलीच. स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत आणि ओसरीपासून कपाटापर्यंत. गेम हातात घेतला आणि तिथेच तिचं नाचणं थांबलं.

गेम मिटत नव्हता. सहा वर्षांपासून मिटत नव्हता. आणि का मिटत नव्हता, हे अख्ख्या घरात फक्त तिलाच माहीत होतं.

आत्याच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. पुढच्या खोलीत वेचून आणलेल्या कापसाचा छताला टेकेल असा ढीग होता. त्यावर चढून, गादीवरच्या राणीसारखी बसून निशिगंधा गेम खेळत होती. कापूसच तो, घसरला. ती मऊ मऊ खाली आली, गेम मात्र लोखंडी घमेल्यावर आपटला. पडदे चालू होते, पण बिजागरी तडकली होती आणि वरचा पडदा मान टाकल्यासारखा लोंबत होता. पोरीने रडत रडत आबांच्या पत्र्याच्या डब्यातून एमसील काढलं, दोन्ही कांड्या मळून राखाडी गोळा केला आणि गेम छान सरळ उघडा धरून बिजागरीवर थापला. उघडा असला म्हणजे मोडलेला दिसत नाही, एवढंच तिच्या नऊ वर्षांच्या डोक्यात. सकाळपर्यंत त्याचा दगड झाला होता.

तिच्यावर संशय आलाच नाही. कारण त्या घरात एमसील म्हणजे आबा. आबा म्हणजे आजोबा, उकंडराव. बोअरचा पाईप, बादलीचं बूड, देवघराचा कोनाडा, स्वतःच्या चष्म्याची दांडी, सगळीकडे त्यांचे राखाडी गोळे. आत्याने तो गोळा पाहिला आणि थेट त्यांच्यावरच उखडली, "आबा, यालेही सोडलं नाही तुम्ही?"

आबांनी डोकं खाजवलं. त्यांना आठवेना. "असंन बाप्पा," ते म्हणाले. "लावलं असंन."

आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. निशिगंधा दोन दिवस सगळ्यांपासून तोंड लपवून फिरली, आणि मग सगळे विसरले तशी तीही विसरली. आज करंजीच्या साच्याने सगळं पुन्हा समोर आणून ठेवलं. आत्याच्या डोक्याला काही झालंच नव्हतं. कोड्याचं उत्तर होतं मिटवणं, आणि मिटवायची वाटच निशिगंधाने बंद करून टाकली होती.

एक सोपा मार्ग होता. आत्या यायच्या आत गोळा काढायचा, गेम मिटवायचा आणि भाऊबीजेला सगळ्यांपुढे ऐटीत सांगायचं, "म्या सोडवलं!" लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिने आबांच्या डब्यातलं आरीचं पातं काढलंही. बिजागरीवर टेकवलंही. मग तिच्या डोळ्यांपुढे आत्याचा चेहरा आला. आत्या टाळ्या वाजवणार, पाठ थोपटणार आणि म्हणणार, पाह्य, मले नाही जमलं थे पोट्टीनं केलं. म्हणजे आत्याच्या मनातली ती भाजीपाल्याची गोष्ट कायमची पक्की. निशिगंधाने पातं परत डब्यात टाकलं.

पाच दिवस तिला फराळ गोड लागला नाही. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

भाऊबीजेला आत्या आली, बाबांना ओवाळून झालं, जेवणं झाली. बाबा पानं आणायला गेले. आबा ओसरीवर खाटेवर आडवे झाले होते, आई सुपारी कातरत होती, आत्या भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. निशिगंधाने गेम चालू करून तिच्या मांडीवर आणून ठेवला. तीनशे लोकांपुढे खणखणीत चाललेला आवाज आता दुसऱ्या बाकापर्यंतही पोचला नसता.

"आत्या, हे एमसील आबानं नाही लावलं. म्या लावलं."

"मीच लावलं थे," खाटेवरून आबा म्हणाले. "तू कायले लावतं?"

"आबा, तुम्ही गप राहा न जरासे!"

मग तिने सांगितलं. कापूस, घमेलं, डबा, गोळा, सगळं एका दमात. आणि शेवटी, आत्याकडे न बघता, "अन् उत्तर हाय गेम मिटवाचं. मिटला की शिक्का उमटते. तुले काऊन सुटलं नाही, त म्या थो मिटूच दिला नाही. तुह्या डोक्याले काईच झालं नोतं, आत्या."

आई सुपारी कातरायची थांबली. आत्याने गेम उलटा केला, सुलटा केला. राखाडी गोळ्यावरून अंगठा फिरवला. त्यावर नऊ वर्षांच्या बोटांचे ठसे अजून दिसत होते, आबांच्या बोटांच्या अर्ध्या आकाराचे.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "तीन दिवाळ्या मी त्या स्वयंपाकिनीचं लग्न जुळवून राह्यली होती, अन् हा मिटतच नोता?"

"हाव."

"मी इथं सोताले ढ समजून बसली."

"हाव," निशिगंधा म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

आत्याने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. "गधडे! अन् आता सांगून राह्यली?" पुढच्या क्षणी ती हसत होती, असं की डोक्यावरचा पदर खाली आला आणि आईलाही हसू आवरेना. "माय वं! मले वाटे, खरंच गंज चढला! वहिनी, ऐकलं का तुम्ही? डोकं शाबूत हाय माहं!" मग डोळे पुसत म्हणाली, "आरीचं पातं आन."

"आत्या, बिजागरीतून वरच्या पडद्याची वायर गेली हाय. तुटली त गेम खतम."

"सहा वर्षं तसाही बसूनच होता थो. आन!"

आबा खाटेवरून उठून बसले, डब्यातलं पातं काढून त्यांनी निशिगंधाच्या हातात दिलं. "तू लावलं म्हन्तं न? मंग तूच काढ. हळू. पातं आडवं धर."

राखाडी भुगा ओसरीवर पडत राहिला. टक् करून गोळा सुटला आणि त्याबरोबर वरचा पडदा पांढराफटक पडला.

"हे देवा," आई म्हणाली.

पडदा लुकलुकला. एकदा, दोनदा. आणि शिक्का परत आला.

निशिगंधाने गेम आत्यापुढे धरला. "तू मिटव."

आत्याने दोन्ही हातांनी, करंजी दाबावी तसा, गेम मिटवला. सगळं काळं. सगळं गप्प. संपलं, असं निशिगंधाला वाटलं तेवढ्यात कडेचा हिरवा ठिपका हळूच लागला, विझला, परत लागला. आत्याने गेम उघडला.

कोऱ्या कागदावर लालभडक शिक्का उमटला होता. आणि सहा वर्षांपासून टेबलाशी बसलेला म्हातारा खुर्ची मागे सारून चक्क उभा राहिला.

निशिगंधाने अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातून गीताबाई डोकावल्या. आत्या तोवर तळघराच्या पायऱ्या उतरायला लागलीसुद्धा होती. वरचा पडदा पडू नये म्हणून तिने निशिगंधाला धरायला लावला. "हाल नको. इथं बारा दारं दिसून राह्यली अन् चाबी एकच. थांब, बोलू नको, मले इचार करू दे."

"संध्याकाळची एसटी हाय न तुमची?" आईने विचारलं.

"उद्या जाईन," आत्या मान वर न करता म्हणाली. मग एकदम आठवल्यासारखं, "आबा, मी त तुमच्यावर उगीचच भडकली होती. दोन दिवस बोलली नाही."

"मले काय आठोते," आबा म्हणाले. ते तो तुटका गोळा उजेडात धरून सगळ्या बाजूंनी न्याहाळत होते. "पन मळलं मस्त होतं पोट्टीनं. सहा वर्षं हाललं नाही."

निशिगंधाला पाच दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. एका हाताने पडदा धरून तिने दुसऱ्या हाताने करंज्यांचा डबा ओढला.