बांधाआडचं पाणी

गुरुदासाच्या विहिरीजवळ साबणाचा फेस जरी दिसला, तरी तो बायकोला, नर्मदेला, फैलावर घेई. मग आंब्यावर फवारायच्या औषधाची काय कथा! पंप, पिंपं, हातमोजे, सगळं उचलून तो खाली व्हाळावर जाई आणि ओढ्याच्या त्या पाण्यात खळखळून धुई. वाडीतले सगळेच बागायतदार तिथे धुवत. आपल्याइतका स्वच्छतेचा सोस पंचक्रोशीत कुणाला नाही, असं तो स्वतःच सांगत असे.

दुसरा अभिमान बांधाचा. दिवाळीनंतर व्हाळ आटू लागला की वाडी जमून दगडमातीचा बांध घाली, आणि त्या कामाचा मुकादम ठरलेला, गुरुदास. पाणी अडलं की आठ दिवसांत आजूबाजूच्या विहिरींचं पाणी हातभर वर येई. मग मोहर येई आणि फवारण्या सुरू होत. वाशीच्या बाजारात पहिली पेटी आपलीच पोचायला हवी, म्हणून शेजाऱ्याने सहा फवारण्या केल्या की हा सात करी. मोहर खाणाऱ्या तुडतुड्यांपेक्षा शेजाऱ्याचीच धास्ती जास्त.

यंदा मात्र त्याचं चित्त बागेत नव्हतं. लग्नानंतर सात वर्षांनी एकुलती एक मुलगी दीपिका पहिल्या बाळंतपणासाठी ठाण्याहून माहेरी आली होती. माळ्यावरचा पाळणा त्याने स्वतः उतरवून घासला. नातवंडाची पहिली आंघोळ आपल्याच विहिरीच्या पाण्याने होणार, हे त्याने येईल त्याला ऐकवलं होतं.

चौथ्या दिवशी दीपिका बांधापर्यंत फिरायला गेली आणि साठलेल्या पाण्यावर पोट वर करून पडलेले मासे बघून आली. नर्मदा म्हणाली, उन्हाने मेले असतील. दीपिकाने वाद घातला नाही. तिने एक बाटली बांधातून भरली, एक घरच्या विहिरीतून, आणि दोन्ही कणकवलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे, स्वप्नाकडे पाठवल्या. स्वप्नाने त्या पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडल्या. तोवर दीपिका तळेऱ्याहून विकतचं पाणी मागवून पिऊ लागली. गुरुदासाला ते इतकं लागलं की तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

अहवाल आला. दोन्ही बाटल्यांत फवारणीचं औषध होतं. विहिरीत कमी, पण होतं. शिवाय आणखी एक होतं, मोहर लवकर यावा म्हणून कलमाच्या बुंध्याशी ओततात ते. झाडं खंगायला लागली तेव्हा गुरुदासाने ते बंद केलं होतं, त्यालाही चार वर्षं झाली होती.

"चार वर्सां वापरूक नाय," तो म्हणाला, "मगे इला खंयसून?"

"ता मातयेत ऱ्हवता, बाबा. लवकर जायत नाय."

"आणि पंपाचा? व्हाळाचा पाणी व्हावता, सगळा घेवन जाता."

"व्हावता खंय? बांध तुमीच घातलास."

गुरुदास आधी प्रयोगशाळेवर चिडला, मग स्वप्नावर. त्यानंतर चिडायला कोणी उरलं नाही. विहीर भरावी म्हणून पाणी अडवलं होतं, आणि त्याच अडवलेल्या पाण्यात महिनोन् महिने पंप खळबळले होते. विहिरीने ते निमूटपणे ओढून घेतलं.

रविवारी दीपिका सासरी परत गेली. पहिलटकरीण माहेरातून बाळंत न होताच परतली, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. रक्तदाब वाढलाय, ठाण्याच्या डॉक्टरांनी बोलावून घेतलंय, असं नर्मदेने वाडीत सांगून टाकलं. गुरुदासानेही मान डोलावली. मग त्याने पाळणा पुन्हा माळ्यावर चढवला.

सोमवारी सकाळी शेजारचा परशुराम फवारणी उरकून व्हाळाकडे निघाला होता. पाठीवर पंप होता. वाटेत थांबून त्याने विचारलं, चेडवाचा, दीपिकाचा, रक्तदाब आता कसा आहे?

"रक्तदाब-बिक्तदाब काय नाय," गुरुदास म्हणाला. "माझ्या बावीच्या पाण्यात माझाच औषध आसा. म्हणान चेडू गेला ठाण्याक. तुझ्या बावीतय असतला."

भांडावं की हसावं, हे परशुरामाला ठरवता येईना. शेवटी त्याने पंप पाठीवरून उतरवून खाली ठेवला.

"मगे ह्यो धुवचो खंय?"

गुरुदासाचा स्वतःचा पंपही तीन दिवस अंगणातल्या खळ्यात तसाच, न धुता पडून होता.