बाजाराच्या दिवशी बंद पडणारं इंजिन

भिमाजीची बोट फक्त बाजाराच्या दिवशी बंद पडायची. एरवी डिंभे धरणाच्या पाण्यातून पलीकडच्या वाड्यांपर्यंत ती तक्रार न करता जाई. बाजाराहून परतणारी माणसं भरली, की मध्यावर इंजिन ठसकत ठसकत थांबायचं.

डिझेलही बाजाराच्याच दिवशी यायचं आणि ते आणायचा भिमाजीचा धाकटा भाऊ बहिरू. भिमाजीने या दोन गोष्टी जोडल्या. उन्हाळ्यात एकदा, भर बोटीत तो ओरडला, "डिझेल इकतोस आन् रॉकेल भरतोस व्हय रं?"

बहिरूने हातातला पाना फळीवर ठेवला. काठ आल्यावर उतरला, चाकणला जाऊन कारखान्यात कामाला लागला. पुन्हा घरी आला नाही.

दिवाळीपर्यंत बोट बाजाराच्या दिवशी बंद पडतच राहिली. आता तर डिझेल भिमाजी स्वतः आणत होता. मग त्याने जुन्नरहून जलालला बोलावलं. जलाल विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा आणि बोटीतलं इंजिन त्यातलंच होतं.

"टाकीच्या तळाला बहिरूच्या डिझेलचाच गाळ आसल," भिमाजी म्हणाला. "नीट बघा, जलालभाई."

जलालने टाकी उतरवली. तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. खाली पाण्याचा थर नव्हता, कचरा नव्हता. आतून टाकी स्वच्छ होती. भिमाजीने वाकून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं.

"काहीच न्हाई?"

"तोंड दिसतंय यात, भाऊ."

"मंग नळीत आसल."

जलालने नळी हातात घेतली आणि हसला. "ही तर ठिबकची. बोटीत कांदे लावलेत का राव?"

"शेतात उरली व्हती."

नळी कडक झाली होती, सायलेन्सरच्या फार जवळून गेली होती, पण तुंबलेली नव्हती. ती बदलायलाच हवी, जलाल म्हणाला. पण दुखणं ते नव्हे. "बाजाराच्या दिवशी येतो. बंद पडताना बघू द्या."

त्या दिवशी तो टाकीशेजारी बसला. समोर म्हाळसाबाई होत्या, पलीकडच्या वाडीतल्या, दर बाजाराला जाणाऱ्या. टाकीच्या बाजूला डिझेलचा कॉक होता. दांडी आडवी असली की चालू, खाली ओढली की बंद. म्हाळसाबाईंनी भरलेली पिशवी सवयीने त्या आडव्या दांडीला अडकवली आणि पदराने तोंड पुसलं.

जलालने दांडीवर नजर ठेवली. इंजिनाच्या थरथरीबरोबर दांडी खाली सरकत होती. बघत राहिलं तर कळतही नव्हतं. मध्यावर इंजिन ठसकलं, थांबलं. म्हाळसाबाईंनी घाबरून पिशवी मांडीवर ओढली.

भिमाजी वाट काढत आला. त्याची नजर इंजिनावर होती. हात मात्र न बघता कॉककडे गेला आणि दांडी खाली दाबून मोकळा झाला. नळी सोडायच्या आधी कॉक बंद करायचा, फुंकून परत जोडली की उघडायचा, ही विहिरीवरची सवय; मग इंजिन सुरू व्हायचं.

"थांबा, भाऊ. कॉक कोणी बंद केला?"

"मीच की. आत्ता."

"सगळा तुमीच केला, का आधीच निम्मा खाली होता?"

भिमाजीचा हात दांडीवरच राहिला.

जलालने दांडी आडवी केली. "आजी, पिशवी द्या जरा." ती दांडीला अडकवून त्याने फळीवर टाच आपटली. दांडी थोडी खाली आली. आणखी दोनदा आपटली. आणखी खाली आली.

"आगं बया," म्हाळसाबाई म्हणाल्या.

भिमाजीला बहिरूचं बोलणं आठवलं. दादा, बायांच्या पिशव्यांना हुक ठोकू का? तेव्हा भिमाजीच म्हणाला होता, ही काय यष्टी हाय का?

पुढच्या दोन दिवसांत जलालने टाकी फिरवून कॉकचं तोंड मागच्या फळीकडे केलं. तिथे पिशवी पोहोचत नव्हती. रबरी नळी सायलेन्सरपासून दूर, बोटीच्या कडेने नेली आणि जागोजागी क्लिपा आवळल्या. हुक भिमाजीने स्वतः ठोकले. मग काठावर बसून बहिरूला फोन लावला.

सगळं ऐकून घेऊन बहिरू म्हणाला, "बरं झालं, सापडलं."

"मंग येतोस का?"

"ऐकणारी मानसं बोटीत व्हती, दादा. मला सांगून काय उपेग?" मागे कारखान्याचा भोंगा वाजला. "ठिवतो."

बाजाराच्या दिवशी बोट भरली. पिशव्या हुकांना लागल्या. मध्यावर आल्यावर भिमाजीने इंजिन बंद केलं.

"झालं! परत पडली व्हय?" मागून कोणीतरी म्हणालं. "बदला आता ही बोट, भिमाजीराव. न्हाईतर वल्ही तरी द्या हातात."

"पडली न्हाई. मी बंद केली." तो उभा राहिला. कुठे बघावं हे न कळून टाकीकडे बघत बोलला, "डिझेल चांगलं व्हतं. पयल्यापास्नं चांगलं व्हतं. कॉक बंद व्हत व्हता, आन् ते मला दिसलं न्हाई. बहिरूनं काय केलं न्हाई."

पाणी बोटीच्या अंगाला लागत होतं. म्हाळसाबाईंनी हुकावरची पिशवी काढून मांडीवर घेतली.

"आसू द्या आजी, तिथं चालती," भिमाजी म्हणाला.

"मंग बहिरू कवा यायचा?" त्यांनी विचारलं.

भिमाजीने हँडल उचललं. इंजिन सुरू करताना एक जण हँडल मारायचा आणि वेग आला की दुसरा वरचा लिव्हर पाडायचा, तेव्हा ते पेट घ्यायचं. तो दुसरा बहिरू असायचा. भिमाजीने एक हात लिव्हरकडे लांबवला, दुसऱ्याने हँडल फिरवलं. पहिल्यांदा जमलं नाही.