मस्कतकडे वळलेली छत्री

पावसात मला डोक्यावर धराल तर चिंब भिजाल, तरी सगळे मला छत्रीच म्हणतात. मित्रांनो, मी आहे आठ फूट रुंदीची, जाळीची, जुनी डिश. बडोद्याला सुभानपुऱ्यात विश्वासरावांच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, राहते. भिंतींना चिकटलेल्या त्या ताटलीएवढ्या डिशा तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्याशी माझी बरोबरी करू नका हं, मला राग येतो.

माझा जन्म करजणजवळच्या एका पत्र्याच्या शेडमधला. मला घडवणारा कारागीर माझी एकेक फासळी लाकडी साच्यावर ठेवून बघायचा. केसभर फट दिसली की पुन्हा ठोकायचा. दुखायचं, पण त्याचं बरोबर होतं. आकाशातल्या उपग्रहाकडून येणारी लहर फार क्षीण असते. ती माझ्या सगळ्या अंगावर पडते आणि मी ती गोळा करून समोरच्या एका ठिपक्यावर पोचवते. वाटी जरा वाकडी झाली की चित्र गेलंच म्हणून समजा.

रावपुऱ्यातल्या नारायणने मला विकत घेतलं. त्याचा केबलचा धंदा होता. तीन गल्ल्यांतल्या घरांत जे काही दिसायचं, ते माझ्यामुळे. क्रिकेटची मॅच असली की लोक देवाच्या आधी माझी खुशाली विचारायचे. दसऱ्याला नारायण मला झेंडूची माळ घालायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिच्यासारखी छत्री अख्ख्या बडोद्यात नाही!" मी फुगून जायची. आता खोटं कशाला बोलू, अजूनही ते आठवलं की फुगते.

एक दुःख मात्र होतं. दक्षिणेच्या आकाशात पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत उपग्रहांची कमान लागलेली असते. आपापली जागा धरून ते उभे असतात. मला मात्र खांबाला घट्ट आवळलेलं. एकाच उपग्रहाकडे बघत मी चौदा वर्षं काढली. मान इकडची तिकडे करता यायची नाही. बाकीच्यांकडे काय चाललंय, हे मला कधी कळलंच नाही.

मग दिवस फिरले. ताटल्या आल्या, जाड काळ्या वायरी आल्या, आणि नारायणने मला उतरवून करजणला त्याच्या भावाच्या घरी पाठवलं. तिथे मला अंगणात उताणं टाकलं. उन्हाळ्यात वहिनी माझ्यावर कुरडया वाळत घालायची, बाकीचे महिने कोंबड्या बसायच्या. ज्या अंगावर आकाश झेललं, त्या अंगावर कोंबड्या! पण सांगणार कुणाला? हां, कुरडयांचा वास छान असायचा, तेवढं कबूल करते.

अशी बारा वर्षं गेली. एका दुपारी नारायण आला आणि त्याच्याबरोबर एक उंच, ताठ गृहस्थ आले. हेच विश्वासराव. रिफायनरीत तेहतीस वर्षं यंत्रांची मापं-काटे सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी मला उचलून उभं केलं, एक डोळा मिटून माझ्या कडेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "नारायण, दोन फासळ्या वाकल्यात. बाकी बाई खणखणीत आहे."

"विश्वासराव, फोनच्या जमान्यात हे खूळ कशाला?" नारायणने विचारलं.

विश्वासरावांच्या उत्तरातून मला सगळं कळलं. विश्वासरावांची लेक देवश्री मस्कतला असते. तिची मुलगी अवंती, अकरा वर्षांची. विश्वासराव तरुणपणी बडोद्याच्या आखाड्यात मल्लखांब करायचे. सुट्टीत आलेल्या नातीला त्यांनीच दोराचा मल्लखांब शिकवला. ती वर चढायची आणि हे खाली दोर धरून उभे राहायचे. पुढे मस्कतला एका कार्यक्रमात पोरगी दोरावरून पडली. फार लागलं नाही, पण भीती बसली. आता तिथल्या एका टीव्ही वाहिनीवर मुलांच्या खेळांचा कार्यक्रम होता, थेट प्रक्षेपण. अवंती म्हणाली, "आजोबा, मी वर असताना तुम्ही बघत असाल तरच चढेन." आणि विश्वासराव बोलून बसले, "बघेन. शब्द दिला."

ती वाहिनी इथे फोनवर उघडेना. स्टुडिओत देवश्रीला फोन नेऊ देणार नव्हते. आणि नंतर व्हिडिओ बघायचा म्हटलं की विश्वासराव चिडत. "झाल्यावर कुणीही बघेल! ती वर असताना बघायचंय मला."

उपग्रहावरून मात्र ती वाहिनी फुकट मिळत होती. फक्त तो उपग्रह होता पार पश्चिमेला, खाली झुकलेला, आणि त्यासाठी हवी होती माझ्यासारखी रुंद अंगाची छत्री. बघा, शेवटी माझ्याचकडे यावं लागलं ना!

टेम्पोतून मी सुभानपुऱ्यात आले तेव्हा निरुपमाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे काय आणलंत? ह्यात काय गावजेवणाचा भात कालवायचाय?" पण दुसऱ्या दिवशी साबण लावून कोंबड्यांची घाण त्यांनीच धुतली, हेही सांगायला हवं.

उत्तरायण होईपर्यंत मला अगाशीवर चढवलं नाही. पतंगाच्या दिवसांत सुभानपुऱ्यात अगाशीवर अशी धोंड कोण उभी करील? फेब्रुवारी लागला आणि विश्वासरावांनी काम सुरू केलं. आधी माझ्या दोन वाकलेल्या फासळ्या ठोकून वळणावर आणल्या. खांब रोवला तो ओळंबा लावून. अगाशीला पाणी जाण्यासाठी उतार असतो, म्हणून फरशीवर त्यांचा विश्वास नव्हता. फोनमधल्या होकायंत्रावरही नव्हता, कारण शेजारीच लोखंडी टाकी. ते खांबाची सावली बघत उन्हात बसले. बडोद्याला सूर्य माथ्यावर यायला पाऊण वाजून जातो. सावली सगळ्यांत आखूड झाली तिथे त्यांनी खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "ही खरी उत्तर-दक्षिण." असा माणूस मिळाला की यंत्राचा जन्म सार्थकी लागतो, मित्रांनो.

मग माझ्या पाठीला मोटर बसली. मोटरला एक नळी, नळीच्या आत एक चकचकीत दांडा. दांडा बाहेर सरकला की मी पूर्वेला वळते, आत गेला की पश्चिमेला. खाली दिवाणखान्यात टीव्हीजवळच्या डब्याचं बटण दाबलं की वर मी हलते. पहिल्यांदा वळले तो क्षण काय सांगू! चौदा वर्षं आखडलेली मान सुटली. एकामागून एक उपग्रह समोर येत होते, अरबी गाणी, चिनी बातम्या, कुठलीशी घोड्यांची शर्यत. गुरुवारी संध्याकाळी मस्कतची वाहिनी स्वच्छ दिसली. विश्वासरावांनी खांबावर रंगाने तिची खूण केली आणि शेजारच्या सगळ्या घरांना आमंत्रण दिलं. "उद्या, शुक्रवारी, चारला या. साडेचारला नात टीव्हीवर आहे."

शुक्रवारी सकाळी माझी पूजा झाली. निरुपमाबाई म्हणाल्या, "तिचं तोंड पूर्वेला करा. पश्चिमेला तोंड करून कुणी पूजा घेतं का?" म्हणून मला पूर्वेकडे वळवलं. दांडा पुरता बाहेर आला. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. पुढचं विश्वासरावांनी स्वतः केलं. दरवर्षी दसऱ्याला स्कूटरच्या हँडलला बांधत तशीच लाल नाडाछडी, म्हणजे पूजेचा दोरा, त्यांनी घेतली, त्या चकचकीत दांड्याला पाच वेढे दिले आणि गाठ मारली. "दृष्ट नको लागायला."

अहो, तो दांडा आत जायचाय! ज्या माणसाने कारखान्यात नव्या पोरांना चालत्या यंत्राजवळ मनगटावरचा दोराही ठेवू दिला नाही, त्याने हे करावं? पण आनंदात भल्याभल्यांची नजर चुकते. आणि मला वाचा कुठे होती?

दुपारी चारला दिवाणखाना भरला. शेजारच्या दक्षाबेन खमण घेऊन आल्या, नारायण रावपुऱ्याहून आला. विश्वासरावांनी ऐटीत बटण दाबलं. मी पूर्वेकडून निघाले, आणि वाटेतच गचकन थांबले. नाडाछडी नळीच्या तोंडात ओढली गेली होती. मोटर कण्हली आणि बंद पडली. पुन्हा बटण, पुन्हा तेच. सव्वाचार वाजले.

"कंई वांधो नहीं, भाऊ," दक्षाबेन म्हणाल्या, "पछी व्हिडिओ जोई लेशुं." नंतर व्हिडिओ बघू, असं बिचारीने धीर द्यायला म्हटलं, पण तेच नेमकं लागलं.

विश्वासराव धावत वर आले. नळीच्या तोंडातून लोंबणारं लाल टोक दिसलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच केलं," ते म्हणाले. "ह्या हाताने केलं." पक्कड लावून ओढलं तर दोरा तुटून आतच राहिला. मागून आलेल्या निरुपमाबाईंनी ते पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "रडायला नंतर वेळ आहे. तिकडे पोर दोराखाली उभी असेल. दुसरं काय करता येतं ते सांगा."

विश्वासरावांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पाना घेतला आणि दांडा मला जिथे जोडला होता तो बोल्टच काढून टाकला. मोटर बाजूला झाली. मी मोकळी! माझी कड दोन्ही हातांनी धरून त्यांनी मला पश्चिमेकडे ढकललं, रंगाच्या खुणेपर्यंत.

खालून नारायण ओरडू लागला, "सिग्नल वीस टक्के! पस्तीस! अरे गेलं! मागे, थोडं मागे! पन्नास! आलं, चित्र आलं! आता हलू नका, विश्वासराव!"

हलू नका म्हणे! पश्चिमेचा वारा सुटला होता आणि माझ्या अंगात वारा भरत होता. बोटभर सरकले असते तरी सगळं गेलं असतं. दोरीने बांधायला गाठी मारीपर्यंत मी ढळले असते. विश्वासरावांनी मला छातीशी धरलं, गाल माझ्या जाळीला टेकवला, पाय रोवले. अडुसष्ट वर्षांचा माणूस! नारायण खालून म्हणाला, "मी येतो वर, तुम्ही खाली या." पण त्याच्या गुडघ्यांना जिना चढवेना, आणि हात बदलायचा तर चित्र जाणार. विश्वासराव म्हणाले, "मी सोडत नाही. तुम्ही बघा."

दिवाणखान्याच्या दारात निरुपमाबाई उभ्या राहिल्या, एक डोळा टीव्हीकडे, तोंड जिन्याकडे. "आली! निळे कपडे आहेत! दोराकडे बघत उभी आहे... चढत नाहीये हो..." विश्वासरावांनी मला आणखी घट्ट आवळलं. "चढली! अर्ध्यावर गेली! पायाला वेढा घातला!" "कुठल्या पायाला?" विश्वासराव वरून ओरडले. "उजव्या! आता उलटी झाली! हात सोडले, दोन्ही हात सोडले!" विश्वासराव जागचे हलले नाहीत. मीही माझं सगळं बळ एकवटून स्थिर राहिले. इतकी जड जबाबदारी मला नारायणच्या मॅचच्या दिवसांतही कधी वाटली नव्हती. आणि मग खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. दक्षाबेन शिट्टी वाजवू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलेलं असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा उभं करून बघा. दोन फासळ्या वाकल्या म्हणून बाकीचं अंग फुकट जात नाही. आणि पूजा अवश्य करा, आम्हाला आवडते. फक्त आमचं काय हलतं आणि काय स्थिर असतं, ते पाहून दोरा बांधा. काळजी म्हणजे नुसती माया नव्हे, थोडं लक्षही लागतं.

संध्याकाळी मस्कतहून फोन आला. विश्वासराव अगाशीवरच होते, माझ्या नळीतला दोरा चिमट्याने काढत. फोनवर अवंतीचा आवाज खणखणीत आला, "आजोबा, बघितलंत ना?"

खोटं बोलता आलं असतं. निळे कपडे, उजव्या पायाचा वेढा, सगळं त्यांना ठाऊक होतं. मलाही वाटलं, म्हणून टाका 'हो'. पण विश्वासराव म्हणाले, "नाही गं बाळा. शब्द मोडला मी. मोटर अडकली, माझ्याच चुकीने. मग वर छत्री धरून उभा राहिलो, म्हणजे घरातल्यांना तू दिसावीस."

"मी उतरेपर्यंत धरून होतात?"

"उतरेपर्यंत. टाळ्या ऐकल्या, मग सोडली."

अवंती म्हणाली, "मग बरोबर आहे आजोबा. मी वर असले की तुम्ही खालून बघत कुठे असता? दोर धरूनच तर उभे असता."